इंग्रजी स्पेशलचा कौल

आमच्या कॉलेजातला इंग्रजी विभाग म्हणजे मी आणि एक लोखंडी कपाट. कपाट माझ्या आधीपासून तिथे आहे, त्यामुळे विभागप्रमुख कोण हा विषय मी कधी काढत नाही. रोज सकाळी रत्नागिरीहून एसटी पकडायची, तालुक्याला उतरायचं, पहिल्या वर्षाला रजेचा अर्ज शिकवायचा, दुसऱ्या वर्षाला एक जुनी जाडजूड इंग्रजी कादंबरी शिकवायची, आणि तिसऱ्या वर्षाला कुणी इंग्रजी स्पेशल घेतलंच तर उरलेलं सगळं वाङ्मय. पण घेतंय कोण? दुसरं वर्ष संपलं की मुलं येतात, माझ्या पाया पडतात, "मॅडम, तुमचे तास लई आवडले" म्हणतात आणि इतिहास घेतात.

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा राग लवकर येतो आणि गेला तरी चेहऱ्यावर मुक्काम ठेवून असतो, असं आमच्या घरचे म्हणतात. घरच्यांचं बोलायला काय जातं? त्यांना कुणी पंचविसाव्यांदा तीच कादंबरी त्याच उत्साहाने शिकवायला सांगत नाही.

त्या वर्षी मात्र एक मुलगी होती. तालुक्याच्या आतल्या अंगाला, एसटी जिथे वळून परत फिरते तिथून पुढे चढण चढून जावं लागतं, अशा वाडीतली. बाप मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये, गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात घरी येणारा. घरात शब्द चालायचा चुलत्यांचा. आई शेत, गुरं, काजू आणि घर बघायची. ही पोरगी वर्गात खिडकीपाशी बसायची आणि मी शिकवायच्या आधी पुढचं प्रकरण वाचून यायची. इतकी वर्षं शिकवून असं मूल मिळालं की माणसाला आपला पगार हक्काचा वाटायला लागतो. ती इंग्रजी स्पेशल घेणार होती, तसं तिने मला सांगितलं होतं, आणि मीही मनातल्या मनात तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मांडून बसले होते.

मार्चमध्ये तिचे चुलते कॉलेजात आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, आवाज एकदम शांत. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले की त्यांना फक्त त्या पोराचं नाव पाहिजे. मी विचारलं, कुठल्या पोराचं? तर म्हणाले, जो मेला त्याचं.

आमच्या कॉलेजातलं मूल गेलं आणि मला पत्ता नाही? मी शिपायाला हजेरीपट आणायला पिटाळलं. तोवर चुलत्यांनी सगळं सांगितलं. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती. मागीलदारी बसून रडत होती. आईने खोदखोदून विचारलं तेव्हा "तो मेला गो" एवढंच म्हणाली, आणि त्यापुढे ओठ शिवल्यासारखी गप्प. मग चुलत्यांनी आपल्या पद्धतीने तपास केला. स्टँडवर विचारलं, वडापावच्या गाडीवर विचारलं, शेजारच्या वाडीत विचारलं. गेल्या महिन्यात तालुक्यात वारलेल्यांपैकी जमेल असा कुणी सापडला नव्हता. एक निवृत्त तलाठी होते, पण ते नव्वदीचे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच आठवड्यात मी कादंबरीचं शेवटचं प्रकरण घेतलं होतं. आणि मी हसले. तिथेच माझं चुकलं. मी त्यांना समजावलं की अहो, तो कादंबरीतला माणूस, इंग्लंडातला, आणि तसं बघायला गेलं तर तो कधी नव्हताच.

"नव्हताच?" त्यांनी विचारलं.

"नव्हता."

"आणि तरी मेला?" त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मग कठीण आहे, बाई. जित्ता असता तर दोन शब्द सांगून गप्प करता आला असता. खरोखर मेलेला असता तर तेराव्याला मोकळे झालो असतो. जो झालाच नाय, त्याला घरातनं घालवायचा कसा?"

तेवढ्यात शिपाई हजेरीपट घेऊन आला, तो मी उगीचच उघडून बघितला.

एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाल्यावर मुलगी मला भेटायला आली. चुलत्यांचं म्हणणं पडलं होतं की ज्या विषयाने पोर जेवण टाकते तो विषय घरात नको. तिसरं वर्ष करायचं तर इतिहासात करायचं, नाहीतर मुंबईच्या एका चांगल्या स्थळाचं चाललेलंच आहे. मी म्हटलं, इतिहासात काय माणसं मरत नाहीत? ढिगाने मरतात. ती म्हणाली, मॅडम, इतिहासातल्या मेलेल्यांचं घरात कुणाला काही वाटत नाही. एवढं सांगून ती निघून गेली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी त्या दिवशी तपासायला घेतलेले पेपर बाजूला ठेवून दिले, नाहीतर भलत्याच कुणावर राग निघाला असता.

मे महिन्यात मी त्यांच्या गावाला गेले. चढण चढून घामाने निथळत, साडीचा काठ तांबड्या धुळीने माखलेला, अशी मी त्यांच्या ओटीवर टेकले. एसटीत बसून मी भाषण तयार केलं होतं. त्यात बँकेच्या परीक्षा होत्या, भाषांतराची कामं होती, शिक्षकाची नोकरी होती. बाप घरी आलेला होता. तो सुपारी कातरत बसला होता आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, कुठल्या अर्थाने ते कळत नव्हतं. आईने कोकमाचं सरबत दिलं आणि दाराआड उभी राहिली. चुलत्यांनी माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले की ते विषयाच्या विरोधात नाहीत, आणि ठरवणारे तेही नव्हेत. सोमवारी देवळात कौल लावायचा आहे, गावाचे दोन-चार विषय आहेत, त्यात हाही घेऊ.

मी म्हटलं, अहो, हा अभ्यासक्रम विद्यापीठाने मंजूर केलेला आहे.

"तिथं झाला असेल मंजूर," ते म्हणाले, "इथं अजून आलेला नाय. तुमी या सोमवारी. तुमची बाजू तुमी मांडा."

देवापुढे मी मांडू? मी? असल्या भानगडीत मी पडणार नाही, असं मी तिथेच ठणकावलं. घरी येऊन भांडी आपटत तेच नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, मग नको जाऊस. सोमवारी पहिल्या एसटीने मी गेले.

देऊळ नव्याने बांधलेलं. सभामंडपात गावच्या मुंबई मंडळाने बसवलेल्या गुळगुळीत लाद्या, प्रत्येक पंख्यावर देणगीदाराचं नाव. पण कौल लावताना पंखे बंद. वारा लागून कळी पडली तर ते देवाचं उत्तर धरत नाहीत. त्यामुळे मे महिन्यातली सकाळ, माथ्यावर दात्यांच्या नावांचे थांबलेले पंखे आणि खाली सगळा गाव उकडून निघतोय. पुरुष पुढे, बायका मागच्या खांबांपाशी. मला पाहुणी म्हणून प्लास्टिकची खुर्ची दिली होती. अख्ख्या मंडपात एकटीच वर बसल्यामुळे मला कठड्यावर ठेवलेल्या कुंडीसारखं वाटत होतं.

पद्धत अशी. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय विषय आहे तो देवाला मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला गाव म्हणतं, व्हय महाराजा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिला विषय विहिरीचा, उजवी पडली. दुसरा एका गडग्याचा, म्हणजे दोन बागांमधल्या दगडी बांधाचा, त्याला डावी पडली. वाद घालणाऱ्या गृहस्थांनी पुन्हा विचारायला लावलं, पुन्हा डावी. देवाला शेजाऱ्याने आधीच गाठलेलं दिसतंय, असं पुटपुटत ते खांबाला टेकून बसले.

मग आमचा विषय निघाला. गुरव काटकुळा, चेहरा परीक्षेतल्या पर्यवेक्षकाचा. त्याने मला विचारलं की इंग्रजी वाङ्मय म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगा, देवाला पाल्हाळ चालत नाही.

कपाळ माझं! हाच प्रश्न मी दरवर्षी पंधरा मार्कांना घालते. मुलांनी दोन ओळींत उत्तर लिहिलं तर लाल शाईने विस्तार करा म्हणून शेरा मारते. मी सुरुवात केली की वाङ्मय म्हणजे मानवी जीवनाचं, त्यातल्या मूल्यांचं... गुरवाने हात वर केला. मी म्हटलं, बरं, अभिजात साहित्य हे काळाच्या कसोटीवर... त्याने पुन्हा हात वर केला. शेवटी त्याने माझ्याकडे पाठ फिरवली आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, दर्यापल्याड जी माणसं झाली, आणि जी झाली पण नाय, त्यांच्या सुखदुःखाच्या गोष्टी ह्यां लेकरू शिकू मागतंय..."

"व्हय महाराजा," गाव म्हणालं.

मला जरा अपमान वाटला. पण चूक काढायला जागाच नव्हती, त्यामुळे मीही हळूच व्हय महाराजा म्हटलं.

कळी पडेना. उजवी नाही, डावीही नाही. सगळे मूर्तीकडे टक लावून बसलेले. एकाने आशेने पंख्याकडे बघितलं, तर गुरवाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. एक म्हातारे म्हणाले की देवाला इंग्रजी कळायला वेळ लागत असेल. शेवटी गुरव म्हणाला की कळी अडली म्हणजे विषय पुरता मांडलेला नाही, कुणीतरी काहीतरी राखून ठेवलंय. जे असेल ते बाहेर काढा.

चुलते उठले. त्यांनी गावापुढे सगळं सांगितलं. पोरीचं रडणं, ते न झालेल्या माणसाचं मरण, निवृत्त तलाठ्यापर्यंत गेलेला तपास. गुरवाने मुलीला पुढे बोलावलं. "कोण तो, त्याचं काय झालं, ते देवापुढं सांग," म्हणाला. "तोवर कळी पडायची नाय."

ती देवाकडे तोंड करून उभी राहिली. मग आपल्या घरच्या बोलीत तिने गोष्ट सुरू केली. माझ्या कादंबरीत पहिली तीस पानं नुसतं ओसाड माळरान आहे, ते डोळ्यांपुढे उभं करायला मला दोन तास आणि एक फोटो लागतो. तिने "सड्यावरचं घर" म्हटलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. त्या घरात एक नवराबायको. नवरा बोटीवर कामाला. वर्षा-दोन वर्षांनी घरी यायचा, महिनाभर राहायचा आणि जायचा.

"लग्न झालेलं?" चुलत्यांनी विचारलं. झालेलं, ती म्हणाली. मग भानगड काय, असं त्यांनी विचारलं. भानगड काही नाही, ती म्हणाली, तो बायकोशी बोलत नसे.

"आमी कुठं बोलतो?" मागून कुणीतरी म्हणालं आणि पुरुष हसले.

मग प्रश्न सुरू झाले. दारू प्यायचा काय? नाही. मारायचा? नाही. मग पैसे पाठवत नसणार. पाठवायचा, दर बंदरातून. मग देवमाणूसच की, असा निकाल पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दिला. गडग्यावाल्या गृहस्थांनी विचारलं की सड्यावरची जमीन कुणाच्या नावावर होती. मुलीने माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं ही कादंबरी शिकवतेय, तिच्यातल्या निसर्गावर मी निबंध लिहिलाय, पण सातबारा कुणाच्या नावावर हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, बघून सांगते. ते नाराज झाले.

ती पुढे सांगत राहिली. तो घरी आला की छप्पर बघायचा. कुंपण बांधायचा. विहिरीचा रहाट दुरुस्त करायचा. संध्याकाळी चुलीपाशी बसायचा. बायको त्याच्यासाठी साठवून ठेवलेलं सगळं मनात घेऊन समोर बसायची. तो विचारायचा, मागची भिंत ओल धरते काय? ती म्हणायची, थोडी धरते. की त्यांचं बोलणं संपलं. असं करता करता तिचे केस पिकले. आणि एका वर्षी तो परमुलखात तापाने मेला. बातमी यायला महिना लागला.

आता कुणी हसत नव्हतं. मागच्या खांबांपाशी एक आवाज आला, तो तिच्या आईचा. मी त्या बाईचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मरायच्या आधी काय बोलला काय गो तो?"

मुलगी वळली नाही. देवाकडे बघतच तिने सांगितलं की बरोबरच्या खलाशापाशी निरोप दिला होता.

"काय निरोप?"

"पावसाआधी मागची भिंत बघून घ्या."

"एवढाच?"

"एवढाच."

"मग तिनं काय केलान्?"

"ती भिंत बघायला गेली," मुलगी म्हणाली, आणि तिला रडू आलं.

ही कादंबरी मी इतक्यांदा शिकवली आहे की तिच्यातल्या कुठल्या पानावर मुलं जांभई देतात तेही मला पाठ आहे. पण त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माझे डोळे भरून आले आणि रुमाल पर्समध्ये सापडेना. पुढच्या रांगेतले ते देवमाणूस म्हणणारे गृहस्थ लादीवर बोटाने रेघा ओढत होते.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, कळ्या. सगळ्यांनी मूर्तीकडे बघितलं. दोन्ही कळ्या खाली पडलेल्या होत्या. कधी पडल्या, आधी कुठली पडली, कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरवालाही नाही, कारण तोच देवाकडे पाठ करून गोष्ट ऐकत बसला होता. मग जी रणधुमाळी माजली ती काय सांगू. एक म्हणे मी उजवी पडताना बघितली, दुसरा म्हणे तुला चष्म्याशिवाय मूर्ती तरी दिसते का. गडग्यावाले म्हणाले की फेरमांडणी होत असेल तर त्यांचाही विषय पुन्हा घ्यावा. मीही उठून म्हटलं की उजवीच आधी पडली, मी बघितली. आता मी काही बघितलं नव्हतं, पण गप्प बसवेना. गुरवाने सगळ्यांना शांत केलं आणि कौल पुढच्या सोमवारी लावू असं ठरवायला लागला. चुलते म्हणाले की तसं चालायचं नाही, भाऊ शनिवारी मुंबईला चाललाय, आणि बापाच्या माघारी निकाल नको.

तेव्हा तो बाप उठला. सकाळपासून तो एक अक्षर बोलला नव्हता. त्याने देवाला हात जोडले. मग वळला, पुरुषांच्या रांगांवरून मागे खांबांकडे बघितलं आणि बायकोला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

तिथे बाईला असं काही विचारायची रीत नव्हती, हे माझ्यासारख्या परक्या माणसालाही कळलं. ती पदर सारखा करत उभी राहिली.

"मना इचारताव?"

"तुलाच."

"रोज रात्री भाकऱ्या भाजताना मी हिला इचारते, आज काय शिकलंस. ही सांगते. आजवर सगळ्या गोष्टी सांगितल्यान्, ही एकच राखून ठेवलीन्. का ठेवलीन् ते मना आत्ता कळलां." मग ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "घरात माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस हाय. तिला थांबवू नका."

चुलत्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गुरवाने पडलेल्या दोन्ही कळ्या उचलल्या, बायकांच्या बाजूला जाऊन त्या माउलीच्या ओंजळीत घातल्या आणि विषय मिटला असं सांगितलं. व्हय महाराजा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बाप पुरुषांच्या रांगेतून निघाला, मागे गेला आणि बायकोशेजारी लादीवर बसला. सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता. त्याने दोनदा घसा खाकरला, पण काय बोलायचं ते त्याला अजून सुचत नव्हतं.